भवानी झाल्याशिवाय

आमच्या सरांना धंदा कळत होता की नाही, याबद्दल दोन मतं होती. एक आमच्या वर्गाचं आणि दुसरं सरांच्या बायकोचं. काकू म्हणायच्या, "ह्यांना मेथीची एक जुडी धड आणता येत न्हाई, आन् लोकांना धंदा शिकवत्यात." मी सरांच्या हाताखाली शिकलेही आहे आणि त्यांनी आणलेली मेथी निवडलेलीही आहे, त्यामुळे मला दोन्ही मतं पटतात.

मी तेव्हा सोलापुरात चादरी-टॉवेलच्या एका मोठ्या दुकानात काउंटरवर होते. सकाळी कुंभारीहून बसने यायचं, दिवसभर चादरींच्या घड्या मोडायच्या, पुन्हा घालायच्या, आणि संध्याकाळी सुटलं की कम्युनिटी कॉलेजात जाऊन बसायचं. हे कम्युनिटी कॉलेज म्हणजे नेमकं काय प्रकरण आहे, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. शहरातल्या एका जुन्या कॉलेजच्या आवारात, सायकल स्टँडच्या मागे दोन खोल्या होत्या. एका खोलीत मोडकी बाकं टाकलेली असायची आणि दुसरीत आम्ही. शाळा संपवून कामाला लागलेल्यांनी संध्याकाळी येऊन वर्षभरात व्यवसाय व्यवस्थापनाची पदविका घ्यावी, अशी योजना होती. योजनेला दरवर्षी मुदतवाढ मिळायची, आणि यंदा काही ती मिळत नाही, अशी बातमी दरवर्षी शिपायाकडून यायची.

त्या योजनेत एक सोय होती. शिकवायला धंद्यातला अनुभवी माणूस चालेल, असं त्यात म्हटलं होतं. सर त्या फटीतून आत आले. गाव मैंदर्गी, घरी कानडी, शिक्षण एम. ए., तेही इतिहासात. एका टॉवेल कारखान्याचे नमुने पिशवीत घालून ते निम्मं आयुष्य गावोगाव हिंडले होते. स्वतःची ओळख करून देताना म्हणायचे, "मराठी, कानडी, तेलुगू आन् दखनी, चारी भाषेत 'नको' ऐकून घेतलेला माणूस हाय मी." मग तो कारखाना बंद पडला. त्यानंतर दोन वर्षं ते घरात भिंतीकडे तोंड करून बसले होते, हे मला काकूंनी पुढे सांगितलं. घर त्या काळात काकूंच्या पिको-फॉलच्या मशीनवर चाललं, आणि खरं तर नंतरही त्यावरच चाललं. कॉलेजातून सरांना मिळणाऱ्या मानधनाबद्दल विचारलं तर काकू नुसत्या हसायच्या. पण कॉलेजचं बोलावणं आलं त्या दिवशी सर उठले, दाढी केली, कपाळाला विभूती लावली आणि पांढरा शर्ट घालून बाहेर पडले, तेवढं काकूंना पुरेसं होतं.

पहिल्या दिवशी सर वर्गात आले, टेबलावर खडू ठेवला आणि हात मागे बांधून उभे राहिले. आम्ही वह्या उघडून बसलो. सर काही बोलेनात. आम्हाला वाटलं, कुणाची तरी वाट बघताहेत. पंखा फिरत होता, बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं, आणि सर आमच्याकडे प्रेमाने बघत उभे होते. शेवटी मोबाइलच्या दुकानात कामाला असलेल्या मुनाफने न राहवून विचारलं, "सर, तबियत बराबर हाय ना?"

"तबियत बराबर हाय. भवानी व्हायची हाय," सर म्हणाले.

भवानी म्हणजे दिवसातली पहिली विक्री. ती होईपर्यंत कुठलाही दुकानदार उधारीवर माल देत नाही आणि पहिलं गिऱ्हाईक सहसा रिकाम्या हाताने जाऊ देत नाही. सरांनी हा नियम वर्गाला लावला होता. विद्यार्थ्याने प्रश्न विचारला की भवानी. तोपर्यंत शिकवणं बंद. "गिऱ्हाईक आलं न्हाई, आन् मी एकटाच कापड फाडत बसू व्हय?" असं त्यांचं म्हणणं. आणि प्रश्नही खरा लागायचा. "सर, आज काय शिकवणार?" असलं काही विचारलं की ते मान हलवायचे. "ह्ये दुकानात येऊन 'दुकान उघडं हाय का' इचारल्यावानी झालं. घ्यायचं काय ते सांगा, मालक." खरा प्रश्न आला की मात्र टेबलावरचा खडू उचलून, भवानीचे पैसे लावतात तसा कपाळाला लावायचे, आणि मग त्यांना आवरणं कुणाच्या हातात नसायचं. गिऱ्हाईक मोबाइल हातात घेऊन बघतं, आवडला म्हणतं आणि न घेता जातं, ते का, एवढ्या एका प्रश्नावर आमचे दोन दिवस गेले. अभ्यासक्रमाचं पुस्तक असायचं, नाही असं नाही. ते सरांच्या पिशवीत तळाला असायचं. "पुस्तकातलं पुस्तकात हाय. कुटं पळून जातंय?" म्हणायचे. परीक्षेच्या आधी मात्र त्यांनाच धास्ती बसायची आणि मग एका आठवड्यात सगळी प्रकरणं धावतपळत उरकली जायची. आम्ही पास झालो ते बाजारात मिळणाऱ्या गाइडच्या कृपेने, हे मी सरांना कधी सांगितलं नाही. त्यांना ते माहीत असावं.

सर कुणालाही नावाने हाक मारत नसत. मुलगे सगळे मालक आणि मुली सगळ्या मालकीणबाई. हजेरीसुद्धा तशीच. "मालक, तुमी काल न्हवता." आता सोलापुरात मालक हा शब्द रिक्षावाल्यापासून आमदारापर्यंत कुणालाही लावतात, त्यात विशेष काही नाही. पण मला कुणी मालकीणबाई म्हटलेलं नव्हतं. दुकानात मी दिवसभर 'अगं ए, वरची निळी काढ' असायचे. संध्याकाळी त्या खोलीत शिरलं की समोरून "या मालकीणबाई, बसा" असं यायचं आणि पाठ आपोआप ताठ व्हायची. मला ते फार आवडायचं. घरी कुणाला सांगितलं असतं तर हसले असते, म्हणून सांगितलं नाही.

त्यांच्या पिशवीत रोज एक नवी वस्तू असायची आणि ती आम्ही एकमेकांना विकायची असायची. एकदा त्यांनी किल्ली हरवलेलं कुलूप आणलं. आम्ही सगळे कुलपाकडे बघत बसलो. आमच्या वर्गात लक्ष्मीअक्का होती. विणकरांच्या घरातली, वयाने आमच्यात मोठी, घरी चार मशीन टाकून शाळेचे गणवेश शिवायची. बोलायची कमी. तिने कुलूप उचललं आणि मुनाफपुढे धरलं. "घे की. दाराला नुसतं अडकवून ठेव. किल्ली नाही ते चोराला काय माहीत?" मुनाफने खिशात हात घातला. सर इतके खूश झाले की त्यांनी दुसऱ्या दिवशी ती गोष्ट प्राचार्यांना जाऊन सांगितली. दरम्यान मुनाफने ते कुलूप वर्गातल्या कपाटाला अडकवून बघितलं होतं आणि बघता बघता ते दाबलं गेलं. खडूंचा खोका कपाटात होता. पुढचे कितीतरी दिवस आम्ही शेजारच्या इमारतीतून खडू मागून आणत होतो.

एकदा सरांनी वर्ग बाजारात भरवला. तिथे दोन मावश्या शेजारीशेजारी कडक भाकरीचे गठ्ठे घेऊन बसायच्या. एकीपुढे माणसांची गर्दी, दुसरीपुढे कुणी नाही. असं का होतं ते उभं राहून बघायचं आणि लिहून घ्यायचं, असं काम होतं. आम्ही समोरच्या बाजूला ओळीने उभे राहिलो. हातात वह्या, गळ्यात कॉलेजची ओळखपत्रं. सर ओळीच्या टोकाला, पांढऱ्या शर्टात, हात मागे बांधून. थोड्या वेळाने गर्दीवाल्या मावशी आमच्याकडे बघू लागल्या. मग दुसऱ्या मावशी. मग त्यांच्या पलीकडचा लसूणवाला. आम्ही लिहितच होतो. एवढ्यात कुणीतरी ओरडलं, "अतिक्रमणवाले आले." पुढच्या क्षणी ताडपत्र्या गोळा झाल्या, लसूण पोत्यात गेला आणि अख्खी रांग उठून बोळात पळाली. सर मागे धावले. "अवो मावशी, थांबा की. आमी कॉलेजचे. शिकायला आलोय."

गर्दीवाल्या मावशी डोक्यावर गठ्ठा घेऊन वळल्या. "शिका की मग. माझ्याच भाकरीवर कशाला शिकताव?"

सरांनी दोघींचे गठ्ठे स्वतः उचलून परत जागेवर नेले, आणि आमच्यापैकी प्रत्येकाला दोघींकडूनही भाकरी घ्यायला लावली. गठ्ठे संपले. आम्ही सरांना विचारलं, एकीकडे गर्दी का असते त्याचं उत्तर काय लिहायचं? सर घाम पुसत म्हणाले, "आता दोघींच्या बी संपल्या. प्रश्नच मिटला." त्या आठवड्यात वर्गातल्या सगळ्यांच्या डब्यात कडक भाकरी होती.

तर असं आमचं चाललं होतं, आणि वर्ष संपायच्या सुमाराला शिपायाची बातमी पहिल्यांदाच खरी ठरली. योजनेची मुदत खरोखरच संपत होती. विद्यापीठाची एक समिती येऊन वर्ग बघणार होती, आणि तिने होय म्हटलं तरच कोर्स पुढे चालणार होता. तसं आमचं त्यात काही जाणार नव्हतं, आमची परीक्षा तोंडावर आली होती. जाणार होतं ते सरांचं. आम्ही एकमेकांत बोलायचो नाही, पण कोर्स बंद झाला तर सर पुन्हा त्या भिंतीसमोर जाऊन बसतील, ही भीती मला वाटत होती. काकूंनाही वाटत होती. मी एकदा साडी फॉल लावायला दिली तेव्हा मशीन थांबवून त्या म्हणाल्या, "पोरी, समितीपुढं ह्यांना जरा शहाण्यासारखं वागाय सांग."

प्राचार्य चांगले गृहस्थ होते, पण समिती म्हटलं की त्यांना घाम फुटायचा. त्यांनी आदल्या दिवशी आम्हाला बोलावून घेतलं. भिंतीला रंग लागला होता, कपाटाचं कुलूप तोडलं होतं, प्रोजेक्टर आणला होता. "समितीसमोर एकानेही तोंड उघडायचं नाही," त्यांनी बजावलं. "सर शिकवतील, तुम्ही ऐकायचं. मध्ये काही विचारायचं नाही. कळलं?" आम्ही माना डोलावल्या. यातली गोम माझ्या लक्षात आली ती दुसऱ्या दिवशी, सर वर्गात येऊन उभे राहिल्यावर.

मागच्या बाकावर समितीचे तिघे बसले होते. दारात प्राचार्य. सरांनी टेबलावर खडू ठेवला, हात मागे बांधले आणि प्रेमाने आमच्याकडे बघू लागले. आम्ही सरांकडे बघितलं. मग प्राचार्यांकडे बघितलं. प्राचार्यांनी डोळे मोठे केले. आम्ही वहीत बघायला लागलो.

असा किती वेळ गेला देव जाणे. प्रोजेक्टर नुसताच घूं घूं करत भिंतीवर निळा चौकोन पाडत होता. प्राचार्य दारातून सरांना हाताने 'सुरू करा, सुरू करा' अशा खुणा करत होते. सरांनी त्यांना मान लववून नमस्कार केला. मुनाफ माझ्या कानात कुजबुजला, "मय पूछूं क्या?" लक्ष्मीअक्काने त्याच्या पायावर पाय दिला. माझ्याकडे प्रश्न होता. खरंच होता, चांगला होता. पण मी उठले आणि प्राचार्य चिडले आणि त्यापायी समितीने नाही म्हटलं तर, या विचाराने मी बसूनच राहिले. आणि सर तरी असे हट्टी, की एक दिवस नियम मोडला असता तर काय बिघडलं असतं? आयुष्यभर दारोदार लवचीक बोलून माल खपवणारा माणूस, आणि नेमका आज, नेमका इथे ताठ.

शेवटी समितीचे अध्यक्ष, पिकल्या केसांचे एक गृहस्थ, चष्मा काढून म्हणाले, "सर, काही अडचण आहे का?"

सरांनी खडू उचलला आणि कपाळाला लावला. "झाली भवानी," ते म्हणाले. प्राचार्यांनी दाराची चौकट धरली.

सर फळ्याकडे वळले आणि मोठ्या अक्षरात 'अडचण' लिहिलं. "साहेबांनी लई मोलाचा प्रश्न इचारला. समोरच्याला काय अडचण हाय, ह्ये इचारायचं. बाकी धंद्यात काय न्हाई. आता आपन साहेबांनाच इचारू. साहेब, सोलापुरात आलाव, तुमची काय अडचण?"

अध्यक्ष आधी गडबडले. मग जरा हसून म्हणाले, "अडचण म्हणजे... घरी चादर न्यायची आहे. मागच्या वेळी नेली होती, ती बायकोला आवडली नाही. आता कुठली न्यावी कळत नाही."

झालं. चादर म्हटल्यावर माझ्या अंगात काय शिरलं कोण जाणे, प्राचार्यांचा धाक विसरून मी उभी राहिले. डबल चादर, सिंगल चादर, धुतल्यावर रंग कसा राहतो, आमच्या दुकानात रोज बोलते ते सगळं बोलून टाकलं. लक्ष्मीअक्काने काठाच्या नक्षीबद्दल सांगितलं. मागून कुणीतरी गडद रंग घ्या म्हणालं, कुणी फिका. वर्गाचा बाजार झाला. अध्यक्ष खरोखर लिहून घेत होते. आणि या गोंधळात मुनाफने हात वर केला. "साहेब, आमी सगळे सांगालाव, पन घेनार त्या. भाभींना फोन लावा की."

अध्यक्षांनी समितीतल्या दोघांकडे बघितलं. ते दोघे छताकडे बघत होते. मग त्यांनी फोन लावला आणि सर्वांना ऐकू येईल असा धरला. पलीकडून बाईंचा आवाज आला. अध्यक्षांनी विचारलं, कुठल्या रंगाची आणू?

"चादर?" बाई म्हणाल्या. "अहो, घरात चादरी ठेवायला जागा आहे का? येताना शेंगाचटणी आणा. मागच्या वेळीही तेच सांगितलं होतं."

समितीसकट सगळा वर्ग हसला. प्राचार्यसुद्धा हसले, पण जरा उशिरा. सर तेवढे हसले नाहीत. फळ्यावरच्या शब्दाखाली रेघ ओढून शांतपणे म्हणाले, "बघा मालक. आमी मगासपासून चादर विकालाव."

परीक्षा आटोपल्यावर एके दिवशी सर पेढ्यांचा पुडा घेऊन वर्गात आले. समितीने कोर्स चालू ठेवायला सांगितलं होतं. आम्ही बाकं वाजवली. मुनाफने सरांना उचलायचा प्रयत्न केला. सर प्रत्येकाला स्वतःच्या हाताने पेढा देत फिरत होते, चेहरा नेहमीसारखाच होता. त्या पेढ्यामागचं उरलेलं आम्हाला ऑफिसातल्या क्लार्कने सांगितलं. समितीने दोन अटी घातल्या होत्या. यापुढे शिकवणारा माणूस वाणिज्य शाखेचा आणि नियमाप्रमाणे पात्रता असलेला हवा. आणि नव्या वर्षी पूर्ण वीस प्रवेश झाले पाहिजेत, एकही कमी चालणार नाही. अध्यक्षांनी सरांसाठी पुष्कळ रदबदली केली म्हणे, पण नियम त्यांच्याही वरचा होता.

मी संतापले. तशीच सरांना गाठायला गेले. ते सायकल स्टँडपाशी स्कूटर पुसत होते.

"सर, तुम्ही नाही तर कोर्स कशाला हवा? जाऊ दे ना बंद."

"आसं कसं, मालकीणबाई." त्यांनी फडकं झटकलं. "गडी बदलला म्हनून कुनी दुकान वाढवतंय व्हय?" दुकान 'बंद करणं' म्हणायला दुकानदारांची जीभ वळत नाही, ते 'वाढवणं' म्हणतात.

"तुम्हाला वाईट नाही वाटत?"

सरांनी फडक्याची घडी घातली. "वाटतंय की," ते म्हणाले. "लई वाटतंय. येन माडोदु." काय करणार, असं कानडीत म्हणून ते पुन्हा आरसा पुसायला लागले.

आणि मग या माणसाने काय करावं, तर ज्या कोर्सात आपल्याला शिकवायला मिळणार नाही त्या कोर्ससाठी विद्यार्थी गोळा करायला सुरुवात केली. सोलापूरचा मे महिना. दुपारी कुत्रीसुद्धा गटारात उतरून बसतात. सर डोक्यावर ओला पंचा टाकून, पिशवीत माहितीपत्रकं घालून हिंडत होते. गणवेशांच्या कारखान्यांत, एसटी स्टँडच्या मागच्या गॅरेजांत, विड्या वळणाऱ्या बायकांच्या वसाहतीत. आमच्या कुंभारीतही आले. मी त्यांच्यासोबत घरोघर हिंडले. जिथे कानडी तिथे कानडी, जिथे तेलुगू तिथे तेलुगू. लोक विचारायचे, तुम्हीच शिकवणार का? सर म्हणायचे, "न्हाई न्हाई. माझ्यापरीस लई शिकलेल्या मॅडम येनार हायत." त्या मॅडमची तेव्हा नेमणूकही झालेली नव्हती. पण सर त्यांची अशी तारीफ करायचे की मलाच पुन्हा प्रवेश घ्यावासा वाटायचा.

एकेक करत माणसं जमली. शेवटच्या दिवशी सकाळी वीस नावं होती. दुपारी गॅरेजमधल्या एका मुलाला पुण्यात काम लागलं आणि त्याने नाव काढून घेतलं. मी दुकानातून अर्धा दिवस सुट्टी घेऊन आले होते. क्लार्क पुन्हा पुन्हा कागद वरखाली करत होता आणि संध्याकाळी ऑफिस बंद होणार होतं. मी शेजारणीला फोन लावला, मावसभावाला लावला. कुणी हो म्हणेना. सर बाकावर बसून होते. मग एकाएकी उठले. "आलोच," म्हणाले आणि स्कूटरवर बसून गेले.

आले ते मागे काकूंना बसवून. काकूंच्या हातात कागदांची फाइल, खांद्याला अजून पिकोचा दोरा चिकटलेला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. क्लार्कही हसला. "या काकू, या. वीस झाले म्हणायचे." त्याने अर्ज पुढे केला आणि काकूंचं नाव विचारलं.

"माझं कशाला?" काकू म्हणाल्या. "मला धंदा येतोय की. एवढी वर्सं घर चालवतीय." त्यांनी फाइल उघडली, सरांच्या शाळेचा दाखला काढून टेबलावर ठेवला आणि नवऱ्याकडे बोट केलं. "शिकायचं ह्यांचंच ऱ्हायलंय. ह्यांचं नाव लिव्हा."

सर खिशातून स्वतःचे फोटो काढत होते. समोरच्या स्टुडिओतून काढून आणलेले, ताजे. पंच्याने केस नीट पुसायचे राहिले होते, ते फोटोत ओलेच दिसत होते.

क्लार्कने पेन खाली ठेवलं. "सर, तुम्ही इथे शिकवत होतात," तो म्हणाला.

"हुतो की," सर म्हणाले. "आता नियमाप्रमानं शिकतो. वयाची अट न्हाई, मीच छापून वाटलंय."

मला हसू यायला लागलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी आलं. काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि पदराने आपला खांदा झटकला.

वर्ग सुरू झाले त्या दिवशी मी माझं प्रमाणपत्र न्यायच्या निमित्ताने गेले आणि खिडकीशी उभी राहिले. मॅडम खरोखरच शिकलेल्या होत्या, बोलायला गोड, आणि वयाने सरांच्या मुलीएवढ्या. परगावाहून नुकत्याच आलेल्या, कुणालाच ओळखत नव्हत्या. एकेकाला उभं करून त्या विचारत होत्या, तुम्ही हा कोर्स का निवडला? गणवेशवाली मुलगी बोलली, विडी वळणारी ताई बोलली. सरांची पाळी आली. ते उठले. मॅडम त्यांच्या पांढऱ्या केसांकडे बघत आवाज मऊ करून म्हणाल्या, "काका, या वयात? काही दुकान वगैरे टाकायचा विचार आहे का?"

"न्हाई, मॅडम," सर म्हणाले. "वर्ग भरायला एक माणूस कमी पडत हुता."

मॅडमना तो विनोद वाटला, त्या मनापासून हसल्या. बाकी एकोणीस जणांपैकी कुणी हसलं नाही. सर खाली बसले, पेनाचं टोपण काढलं आणि मॅडम सांगतील ते लिहून घ्यायला लागले.